टायटसच्या कमानीला वळसा

पाचीफिको सेर्मोनेता हे त्याचं कागदावरचं नाव. पण नदीकाठच्या आमच्या जुन्या ज्यू वस्तीत, आम्ही जिला नुसतं पियात्सा म्हणतो, कागदावरचं नाव जन्माला, लग्नाला आणि थडग्याला लागतं. मधल्या काळात माणूस टोपणनावावर निभावून नेतो. पाचीफिकोला सगळी पियात्सा ‘वळसा’ म्हणायची. शेजारच्या गाड्यावरच्या चेझारेला ‘सुकट’ म्हणायची, कारण तो अंगानं तसाच होता, वाळवलेल्या मासळीसारखा. दोघांनाही आपापल्या नावाचा राग नव्हता. राग यायचा तो दुसऱ्याचं नाव आपल्याला कुणी चिकटवलं तर.

वळशाचा गाडा कलोसिअमच्या चौकातून वर चढणाऱ्या दगडी वाटेच्या तोंडाशी उभा असे. आजोबांचा परवाना, बापाची जागा, आणि आता हा. गाड्यावर जपमाळा, क्रूस, पोपचं चित्र असलेल्या रकाब्या, प्लॅस्टिकचे कलोसिअम आणि हेल्मेट घातलेले बोटभर उंचीचे योद्धे. वर आइस्क्रीम कंपनीनं फुकट दिलेली पिवळीधमक मोठी छत्री. आमचे बापजादे पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. देव त्यांचा, जपमाळा आमच्या, आणि त्यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वाटेच्या माथ्यावर टायटसची कमान आहे. आत डाव्या हाताच्या भिंतीवर कोरलंय, की रोमचे शिपाई जेरुसलेमचं आमचं मंदिर लुटून सात फांद्यांची समई खांद्यावर घालून मिरवत नेत आहेत. आपल्याच घरावरच्या दरोड्याची वरात. तिच्याखालून रोमचा ज्यू जात नाही, बाजूनं वळसा घालतो. निदान पूर्वी घालायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे ज्यूंचं स्वतःचं राज्य होणार अशी बातमी आली, तेव्हा आमचे धर्मगुरू, रब्बी, म्हणाले, झालं आता, बंदी उठली. लोक घोळक्यानं जमले आणि शिपाई ज्या दिशेनं गेले त्याच्या उलट दिशेनं, गात गात, कमानीखालून गेले. पाचीफिकोचा बाप मोझे त्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन घरात बसून राहिला.

“रब्बी म्हणाले तर म्हणोत,” तो म्हणाला. “मी अजून तयार नाही. मी तयार झालो की तुम्हाला सांगेन.”

तो तयार व्हायच्या आधीच वारला. सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्यामुळे पाचीफिकोचा हिशेब सरळ होता: बाबांनी सांगितलं नाही, म्हणजे जायचं नाही. बाबा आता सांगणार तरी कसे, असं सुकट विचारायचा. “तो त्यांचा प्रश्न आहे,” वळसा म्हणायचा आणि कॉफी प्यायला, नळावर, पलीकडच्या ओळखीच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारायला बाजूच्या चढावरून धापा टाकत जायचा. सुकट सरळ कमानीखालून जाऊन परत यायचा आणि वर तोंड करून विचारायचा, “पोचलास का रे?”

वळशाच्या गाड्यावर रोममधलं सगळं मिळे, फक्त ती कमान मिळत नसे. चित्रातसुद्धा नाही.

“टायटसच्या कमानीचं कार्ड आहे?” एखादी बाई विचारायची.

“पडली ती.”

“पडली? ती काय समोर दिसतेय!”

“मला नाही दिसत, बाई. डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. तुम्ही हा कलोसिअम घ्या, हा अर्धाच पडलाय.”

बाई हसायची आणि कलोसिअम घ्यायची. एकूण पाचीफिकोचं बरं चाललं होतं. बायको, एस्तेर, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पण तो रडत बसणाऱ्यातला नव्हता. सकाळी बारमध्ये उभ्यानं कॉफी, दुपारी ब्रेडमध्ये तळलेला मासा, संध्याकाळी पियात्सातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल. त्यातून ते वर्ष कॅथलिकांच्या मोठ्या जत्रेचं होतं. जगभरातले यात्रेकरू रोमवर तुटून पडले होते आणि जपमाळा पुरत नव्हत्या. नन दिसली की तो भाव उतरवायचा. लढाईत जर्मन आले तेव्हा नदीपलीकडच्या मठात नन्सनीच त्याला, धाकट्या लेलोला आणि आईबापाला लपवलं होतं. बापाची प्रार्थनेची शाल त्यांनी वेदीवरच्या कापडांच्या घडीत दडवून ठेवली होती. त्या मठात पाठ झालेल्या प्रार्थना पाचीफिकोला अजून येत, आणि एखादी तरुण नन अडखळली तर तो पुढची ओळ सांगायचा.

एकच गोष्ट त्याला खात होती, आणि ती रोज डोळ्यांसमोरून जायची. लेलो.

लेलो त्याचा पाठचा भाऊ, आणि धंद्यानं गाइड. तोंडानं लाघवी, केस मागं वळवलेले, गळ्यात ओळखपत्र. तो आपल्या लोकांना घेऊन वाटेनं वर जायचा आणि कमानीखाली उभं करून समई दाखवायचा. पहिल्यांदा त्यानं हे केलं त्या दिवशी पाचीफिको गाडा सोडून धावत गेला होता आणि वीसेक परदेशी माणसांसमोर ओरडला होता, “चार दमड्यांच्या बक्षिसीसाठी बाबांचा शब्द विकलास!”

लेलो सगळं हसण्यावारी नेणारा माणूस, पण हे लोकांदेखत झालं होतं. “आणि तू येशूच्या मूर्ती विकून बाबांचं नाव राखतोयस होय?” तो म्हणाला.

संपलं. त्या दिवसापासून दोघं बोलेनासे झाले. एकाच गल्लीत घर, एकाच वाटेवर पोट, आणि वर्षानुवर्षं शब्द नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असे ते दोघं. आणि मी म्हणतो, पीळ बापाचाच होता, दोघांनी सारखा वाटून घेतला होता.

याची खरी बोच पाचीफिकोला वर्षातून एकदा लागायची, किप्पूरच्या, आमच्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या, संध्याकाळी. दिवसभराचा उपास सुटायला थोडासाच वेळ उरलेला असतो, आणि आमचं मोठं प्रार्थनाघर, सिनेगॉग, माणसांनी फुटायला येतं. जे वर्षभर तिथं फिरकत नाहीत तेही धावत येतात, कारण शेवटी पुरोहित आशीर्वाद देतात, आणि त्या वेळी प्रत्येक घरातला वडीलधारा आपली शाल उचलून सगळ्यांवर धरतो. मुलं, सुना, नातवंडं, वरच्या सज्ज्यातून खाली उतरलेल्या बायका, सगळी एकमेकांना चिकटून त्या कापडाखाली शिरतात. पाचीफिकोकडे बापाची शाल होती. थोरल्याकडे राहायची म्हणून त्याच्याकडे आली होती. पिवळी पडलेली, काळ्या पट्ट्यांची, मोठी. लहानपणी उजव्या हाताखाली तो असायचा आणि डाव्या हाताखाली लेलो. आता आशीर्वाद सुरू झाला की पाचीफिको सवयीनं दोन्ही हात पसरायचा, शाल दोन्ही बाजूंना ताणून धरायचा, आणि तिच्याखाली एकटाच उभा राहायचा. शेजारचा कुणीतरी म्हणायचा, या ना आमच्यात. तो मान हलवायचा. वडीलधारा माणूस दुसऱ्याच्या शालीखाली कसा जाईल?

किप्पूरच्या आधीचे दिवस आमच्याकडे माफीचे. माणसानं माणसाचा केलेला अपराध देव आपल्या खात्यावर घेत नाही, त्यासाठी त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. त्या दिवसांत वळसा अख्खी पियात्सा पालथी घालायचा. बेकरीवालीची माफी मागायचा, कारण तिच्या केकला तो जळका म्हणाला होता. सुकटाची माफी मागायचा आणि माफी मागता मागता त्याला आणखी दोन शिव्या द्यायचा. फक्त लेलोच्या दारापुढून मान खाली घालून निघून जायचा. धाकट्यानं आधी यावं.

लेलोची बायको फोर्तुनाता त्या वर्षीही आली. ती अधूनमधून यायचीच, तळून व्हिनेगरात मुरवलेल्या दुधीची बरणी घेऊन. बरणी गाड्यावर ठेवून ती पोपच्या रकाब्या पुसायला लागली.

“भावजी, हे म्हणतात, दादा दारात आला तर मी उंबऱ्यातच मिठी मारीन.”

“त्याला सांग, मी घरीच असतो.”

“तेही घरीच असतात. तुम्ही दोघं घरी, आणि मी एकटी रस्त्यावर बरण्या घेऊन. पाय दुखतात माझे.”

“दुधी झकास झालाय मागच्या वेळचा.”

“दुधीचं बोलत नाहीये मी.” तिनं रकाबी आपटून ठेवली. “नातवंडं विचारतात, तो छत्रीवाला म्हातारा आपल्याकडे बघून हसतो पण बोलत का नाही. काय सांगू? दगडांमुळे?”

 पाचीफिकोनं तिला नातवंडांसाठी चार योद्धे दिले. ती ते घेऊन गेली, पण जाताना नेहमीसारखं हसली नाही, आणि ते त्याला दिवसभर टोचत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो एका ननला जपमाळ बांधून देत होता, आणि वरून सुकट ओरडत आला. “वळशा! तुझा भाऊ पडला! पाय गेला त्याचा! कमानीखाली!”

लेलो लोकांशी बोलत बोलत उलटा चालायचा, लोकांकडे तोंड आणि वाटेकडे पाठ. ते काळे दगड पायांनी घासून घासून साबणासारखे झाले आहेत. बरोबर समईपुढे त्याची टाच सटकली होती. पाचीफिकोनं हातातल्या सगळ्या जपमाळा ननच्या हातात कोंबल्या आणि चढ चढून वर धावला. कमानीशी आला आणि सावली जिथं सुरू होते तिथं त्याचे पाय आपोआप थांबले. आयुष्यभराची सवय, ती धावतानासुद्धा विसरली नाही.

आत लेलो जमिनीवर बसला होता, चेहरा चुन्यासारखा. त्याच्याभोवती ब्राझीलहून आलेल्या चार धिप्पाड बायका.

“कुठं लागलंय?” पाचीफिको बाहेरूनच ओरडला.

“पायाला.”

“बाहेर ये.”

“कसा येऊ? उडत?”

“बसल्या बसल्या सरक.”

“या बायांसमोर? मी गाइड आहे, दादा!”

‘दादा’ हा शब्द त्याच्या तोंडून निसटला होता, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. पाचीफिकोला मात्र बरोबर कळलं. इतकी वर्षं तो शब्द त्याला कुणी म्हटलं नव्हतं, आणि दुसरं कुणी म्हणणारं नव्हतंच.

एका बाईनं लेलोच्या काखेत हात घालून त्याला उचलायला घेतलं. लेलोनं तिचा हात बाजूला केला. “थांबा, बाई. तो तिथं उभा आहे ना, तो माझा भाऊ आहे. तो नेईल मला.” मग हळू आवाजात, फक्त पाचीफिकोकडे बघत, “नेशील ना?”

सगळे वळून बघायला लागले. ब्राझीलच्या बायका, मागं तुंबलेली दुसरी टोळी, सुकट, नळावरचा पहारेकरी. पाचीफिकोनं वर कमानीकडे बघितलं, खाली भावाकडे बघितलं, आणि पाठ फिरवून उतारावरून चालू लागला.

“अरे वळशा!” सुकट किंचाळला. “लाज वाटत नाही का रे?”

 लेलोनं मान खाली घातली. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्या बायकांनाही त्याची कणव आली.

पण पाचीफिको परत आला. गाड्याची पिवळी छत्री दांड्यासकट उपटून दोन्ही हातांत धरून, लग्नाच्या मिरवणुकीत निशाण धरावं तसा. कमानीच्या सावलीशी त्यानं ती उघडली, डोक्यावर धरली, एकदा वर बघून खात्री करून घेतली की वर फक्त आइस्क्रीम आहे, आणि आत पाऊल टाकलं.

“हे काय सोंग?” सुकट म्हणाला.

“मी छत्रीखाली आहे,” वळसा म्हणाला. “कमानीखाली तू आहेस.”

तो लेलोशेजारी गुडघ्यावर बसला. छत्री दोघांवर आली. लेलो आधी कण्हला, मग त्याला हसू आलं, मग दोन्ही एकदम.

“बाबांना काय सांगशील?”

“बाबा वरून बघत असतील तर त्यांना छत्रीच दिसणार. धर माझ्या खांद्याला.”

“थांब,” लेलो म्हणाला. “आलाच आहेस तर एकदा बघून घे.” आणि त्यानं छत्रीची कड हातानं जराशी कलती केली.

पाचीफिकोला बघायचं नव्हतं, पण बघितलं. भिंतीवर समई होती, कलंडलेली. ती वाहणाऱ्या शिपायांचे चेहरे झिजून सपाट झाले होते, एकाला नाक नव्हतं, एकाचा पाय तुटलेला. लहानपणापासून बापाच्या पाठीमागून वळसा घालताना त्याला वाटायचं, ती समई घराएवढी असणार, दिसली तर माणूस दगड होऊन पडत असणार.

“एवढीच?” तो म्हणाला.

“एवढीच.”

 बापाचं दुःख खोटं नव्हतं, हे पाचीफिकोला ठाऊक होतं. पण या झिजलेल्या, नाक तुटलेल्या शिपायांपायी आपण जिवंत भाऊ गमावून बसलो होतो, आणि तो रोज पन्नास पावलांवरून जात होता, याची त्याला भयंकर लाज वाटली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात छत्री, दुसऱ्यात लेलो. तसाच भिजल्या तोंडानं तो उठला, आणि ज्या बाजूनं आत आला होता त्याच बाजूनं भावाला बाहेर घेऊन आला. सुकटानं गाडा वर आणला होता. लेलोला त्यावर बसवलं, एका बाजूला पोप, एका बाजूला योद्धे, आणि ती वरात उतारानं खाली निघाली. ब्राझीलच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही सहलीतच आहे.

घोट्याजवळ हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. पाचीफिको दिवस मावळेपर्यंत इस्पितळात बसून होता. दोघं नर्सबद्दल बोलले, दुधीबद्दल बोलले, सुकटाच्या चालीची नक्कल करून हसले. माफीचं मात्र कुणीच काढलं नाही. काठीनं पाणी दुभंगत नाही म्हणतात ते खरं, पण पुन्हा मिळालेल्या पाण्यालाही मधली गोष्ट बोलायला जड जातं.

इकडे पियात्सात वादाला ऊत आला. वळसा कमानीखालून गेला की नाही? बेकरीत दोन तट पडले. एक म्हणे, छत्री होती, गेला नाही. दुसरा म्हणे, छत्रीला कोण विचारतो, पण तो ज्या बाजूनं शिरला तिकडूनच बाहेर आला, म्हणजे खालून ‘गेला’ नाहीच, नुसता आत डोकावला. बेकरीवाली म्हणाली, घेता का काही, नाहीतर बाहेर भांडा. शेवटी रब्बींना विचारलं. ते म्हणाले, “जीव अडचणीत असला की शनिवारची, शब्बाथची कामबंदीसुद्धा बाजूला सरून वाट देते, तिथं टायटस कोण लागून गेला?” वळशाला विचारलं तर तो म्हणे, “छत्रीचा दांडा वाकलाय. नवीन कोण देणार, ते सांगा.”

किप्पूर आला. दिवसभर उपास, संध्याकाळी सिनेगॉग माणसांनी गच्च. पाचीफिको आपल्या बाकापाशी उभा होता, खांद्यावर बापाची शाल. लेलो आलाय हे त्यानं बघितलं होतं. तो दूर दरवाजाजवळ, प्लॅस्टरचा पाय बाकावर पसरून, भोवती मुली, जावई, नातवंडं. पाचीफिकोनं मनाची समजूत घातली. लेलोही आता वडीलधारा, त्याची स्वतःची शाल, स्वतःचा गोतावळा, तो आपल्या माणसांना आपल्या शालीखाली घेणार. बोलणं-चालणं सुरू झालं, तेवढं पुष्कळ झालं. माणसानं हावरट होऊ नये.

पुरोहित पुढं गेले. सगळीकडून शाली वर उठायला लागल्या. पाचीफिकोनं सवयीनं दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटले.

ठक, ठक, ठक. कुबड्यांचा आवाज. माणसं कुरकुरत वाट देत होती. कुणाच्या तरी पायावर कुबडी पडली असावी, कारण एकानं त्या पवित्र घटकेला शोभणार नाही असं काहीतरी म्हटलं.

“सरक,” लेलो त्याच्या डाव्या हाताखाली शिरत म्हणाला. मागोमाग फोर्तुनाता, दोन मुली, जावई, आणि नातवंडांची रांग, हातांत त्या योद्ध्यांसकट. लेलोची स्वतःची शाल घडी करून त्याच्या खांद्यावर होती.

“तुझी शाल आहे ना?” पाचीफिको कुजबुजला.

“आहे. ही बाबांची आहे.” थोडं थांबून, “माफ केलंस?”

“आधी तू.”

“मी पाय मोडून घेतला, आणखी काय करू?”

“आणि मी कमानीत शिरलो.”

“छत्रीखाली होतास म्हणे.”

“गप्प बसा दोघं,” फोर्तुनाता म्हणाली. “आशीर्वाद चाललाय.”

 शाल मोठी होती, पण दोन पोरांना पुरेल इतकीच मोठी. आता तिच्याखाली डझनभर माणसं दाटली होती. पाचीफिकोनं ती आपल्या खांद्यावरून ओढून डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढं एका नातीच्या डोक्यावर सरकवली. होता होता तो स्वतः जवळजवळ उघडाच पडला, आणि लेलोचं प्लॅस्टर तरीही पांढरं फटक बाहेर.

लेलोनं आपल्या उघड्या पायाकडे बघितलं, मग भावाकडे.

“दादा,” तो कानाशी लागून म्हणाला, “छत्री आणायची होतीस.”

आणि किप्पूरच्या त्या घटकेला, सगळं सिनेगॉग श्वास रोखून उभं असताना, पाचीफिको सेर्मोनेता मोठ्यानं हसला.